समुद्राच्या तळाशी गोडे पाणी

मित्रांनो, पाण्याखाली पाहण्यासाठी तोंडावर चढवतात तो एक जुना चष्मा मी आहे. सगळे मला मास्क म्हणतात. एक लंबगोल जाड काच, तिच्याभोवती काळ्या रबराची किनार, नाकासाठी एक खोबण आणि डोक्यामागून जाणारा पट्टा, एवढाच माझा देह. पण या देहाने मी जे पाहिले, ते पाहायला माणसांना फार खटपट करावी लागते.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मुलीने मला दिव्यासमोर धरून तपासले आणि खोक्यात घातले. खोके उघडले तेव्हा मी बहरीनमध्ये, मनामाच्या बाजारातल्या एका दुकानात होतो. दोर, जाळी आणि मासे धरायचे गळ यांच्या वरच्या खिळ्याला मला टांगले. येणारी-जाणारी माणसे मला तोंडाला लावत, आरशात बघून हसत आणि परत टांगत. बरेच दिवस मला वाटत होते, की माणसांना हसवणे हेच माझे काम आहे.

मग एके दिवशी नजीबभाई आले. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. बहरीनमध्ये जहाजांना लागणारे सामान विकणाऱ्या पेढीत ते क्लार्क होते. लहानपणापासून पाण्यात वाढलेला माणूस. शुक्रवारी सुट्टी असली, की त्यांचा जीव फ्लॅटमध्ये रमत नसे. त्यांनी मला विकत घेतले आणि हुसेनच्या होडीत नेले.

हुसेन तिथलाच, बहरीनी. सित्रा बेटाच्या किनाऱ्यावर त्याची मोटर लावलेली लहान होडी होती. हिंदी तो भारतीयांबरोबर काम करून शिकला होता. पहिल्याच दिवशी नजीबभाईंनी माझ्या काचेवर आतून चक्क थुंकले! मला फार अपमान वाटला. पण थुंकी चोळून, विसळून घेतल्यावर काचेवर वाफ धरत नाही, हे मला थोड्याच वेळात कळले आणि माझा राग गेला. तरीही एक अडचण राहिलीच. बुडी मारली, की माझ्यात पाणी शिरायचे. दोष माझा नव्हता. नजीबभाईंच्या मिशा फार दाट होत्या आणि माझे रबर त्यांच्यावर चिकटत नव्हते.

"मूछ निकालो, भाई," हुसेन हसत म्हणाला.

नजीबभाईंनी त्याच संध्याकाळी मिशा काढल्या. घरी त्यांच्या बायकोने, सायराभाभींनी, दार उघडले, त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "नजीब घरात नाहीत." आणि दार लावून घेतले.

पुढच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा समुद्राच्या आत नीट पाहिले. मित्रांनो, मी थक्क झालो. वरून जे नुसते निळे-हिरवे पाणी दिसते, त्याच्या खाली गवताची कुरणे होती. त्यांत साफी नावाच्या तिथल्या माशांची झुंड चरत होती. एक खेकडा शिंपला डोक्यावर घेऊन पळत होता. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात. म्हणून माणसे हात पुढे करीत आणि हात शिंपल्याच्या अलीकडेच पडे. असे का होते, हा विचार मी कितीतरी दिवस करीत होतो.

हळूहळू एक लहानसा मेळा जमला. नजीबभाईंचे दोन-चार मित्र, हुसेनची होडी आणि सगळ्यांत मिळून मी एकटा. ज्याची पाळी येई, त्याच्या तोंडावर मी चढे. मला माणसे चेहऱ्याच्या आकारावरूनच ओळखू येऊ लागली.

दशरथ मात्र कधीच पाण्यात उतरला नव्हता. तो जालना जिल्ह्यातला, सित्राच्या एका कारखान्यात टेक्निशियन. पंपाचे सुटे भाग घ्यायला नजीबभाईंच्या पेढीत यायचा. परमुलखात मराठी बोलायला मिळते म्हणून दोघांची दोस्ती जमली. सनद नावाच्या वस्तीत त्याचा फ्लॅट होता. त्या वर्षी उन्हाळा ओसरल्यावर त्याची आई, चंपाबाई, व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे आली. एका शुक्रवारी नजीबभाई त्यांच्याकडे जेवायला गेले. दशरथच्या मुलीला, अक्षताला दाखवायला त्यांनी मलाही पिशवीतून नेले होते.

जेवताना पाण्याच्या गोष्टी निघाल्या.

"मावशी, बहरीन म्हणजे दोन समुद्र," नजीबभाई म्हणाले. "एक खारा, एक गोडा. आमचा हुसेन सांगतो, समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचे झरे आहेत. त्याचे वडील मोती काढायला बुड्या मारायचे. होडीतलं पाणी संपलं, की कातड्याची पिशवी घेऊन खाली जायचे न् भरून आणायचे."

चंपाबाईंचा घास हातातच राहिला. "समुद्राच्या आत गोडं पाणी? अन् ते खारं व्हत न्हाई?"

"होतं की. पण झऱ्याच्या तोंडाशीच धरलं तर गोडं मिळतं म्हणे."

"माय, जुन्या गोष्टी आहेत त्या," दशरथ म्हणाला.

"तू पाह्यलंस का जाऊन?"

"नाही."

"मंग तुला कसं ठावं?"

दशरथ हसला. पण चंपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी अक्षताच्या हातातून मला घेतले, उलटसुलट केले आणि काचेतून दिव्याकडे पाहिले. "मला तिथं न्या," त्या म्हणाल्या. व्हिसा संपायला थोडेच दिवस उरले होते. येणारा शुक्रवार काय तो हातात होता.

"तुला पोहता येत नाही. मलाही येत नाही," दशरथ काकुळतीला आला.

"मी कुठं पोहणार हाय? मी बसणार हाय."

अवघड काम पुढेच होते. नजीबभाईंनी हुसेनला विचारले, तेव्हा तो मान खाली घालून होडीचा दोर गुंडाळू लागला. त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते. चहाच्या दुकानात ते झऱ्याच्या गोष्टी सांगू लागले, की तरुण पोरे एकमेकांना डोळे मारीत. लहानपणी हुसेनही हसला होता. वडील गेल्यावर त्याने ती जागा शोधायचा प्रयत्नही केला नव्हता.

"नहीं मिला तो?" त्याने विचारले.

 त्याने दोर गुंडाळून होडीत टाकला. मग म्हणाला, "अम्मा जा रही है ना वापस? ठीक है. इंशाल्ला."

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. हुसेन, नजीबभाई, दशरथ, अक्षता आणि चंपाबाई. चंपाबाईंनी नऊवारीवर लाइफ जॅकेट घातले होते आणि मांडीवर एक पिशवी घट्ट धरली होती. पिशवीत भाकरी, कांदा आणि गुडघा शेकायची रबरी पिशवी होती. दशरथने दोन्ही हातांनी होडीची कड पकडली होती. चंपाबाई मात्र सगळ्यांना प्रश्न विचारत होत्या. पाणी इथे हिरवे आणि तिथे निळे का? पक्षी पाण्यावर बसतो तर पिसे भिजत कशी नाहीत? अक्षता इंग्रजी शाळेत शिकलेली. ती मोडक्या मराठीत उत्तरे देत होती आणि मधेच अडली, की "आय डोन्ट नो, आजी" म्हणत होती.

वडिलांनी हुसेनला जागेच्या खुणा सांगितल्या होत्या. किनाऱ्यावरचे सर्वांत उंच खजुराचे झाड मशिदीच्या मनोऱ्यासमोर आले, की तिथे थांबायचे. पण किनाऱ्यावर भराव पडला होता आणि खजुराची बाग उरली नव्हती. मनोरा दिसत होता, झाड नव्हते. हुसेनने डोळे बारीक करून अंदाज घेतला आणि नांगर टाकला.

ओहोटी लागली होती. पाणी दोन पुरुष खोल असेल. नजीबभाईंनी मला चढवले आणि बुडी मारली. खाली वाळू, गवत, विखुरलेले शिंपले. झरा नव्हता. होडी थोडी सरकवली. पुन्हा बुडी. पुन्हा वाळू. असे किती वेळा झाले, ते मी मोजले नाही, पण नजीबभाईंचा श्वास मला जड लागू लागला. पाणी आणखी उतरले, तर होडी वाळूवर बसण्याची भीती होती.

शेवटी हुसेनने हात झटकले. "खलास. मीठा पानी मफी." मफी म्हणजे नाही. तो मोटरकडे वळला. त्याने कुणाकडेच पाहिले नाही.

"अंकल, वन लास्ट टाइम, प्लीज!" अक्षता म्हणाली. "मी बघते."

नजीबभाईंनी माझा पट्टा आवळून मला तिच्या लहानशा चेहऱ्यावर बसवले. लाइफ जॅकेट घालून, होडीच्या शिडीचा दोर धरून, ती पाण्यात उतरली. नजीबभाई शेजारीच तरंगत होते. तिने तोंड पाण्यात घातले आणि लगेच वर काढले.

"हा मास्क खराब झाला. सगळं हलतंय."

मला वाईट वाटले. तिने मला उतरवले, नजीबभाईंसारखे आत थुंकून चोळले आणि पुन्हा घातले. डावीकडे पाहिले, तर गवताचे पाते न् पाते स्पष्ट दिसत होते. उजवीकडे पाहिले, तर सगळे पुन्हा वाकडेतिकडे, थरथरते. माझी काच स्वच्छ होती, मित्रांनो. थरथरत होते ते पाणी!

"काय दिसतं गं?" चंपाबाईंनी वरून विचारले.

"आजी, तू सरबत करतेस ना? साखर टाकल्यावर पाणी कसं वाकडं दिसतं? तसं. पण इथेच. ओन्ली हिअर."

गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, तिथे ते असेच थरथरते, हे मला नंतर कळले. हुसेन मोटर सोडून उभा राहिला.

नजीबभाईंनी घाईने मला घेतले. होडीत सरबताची रिकामी बाटली होती, ती घेऊन ते खाली गेले. त्यांनी बाटलीचे तोंड वाळूशी धरले, पण आतल्या हवेमुळे बाटली वर वर पळत होती आणि आजूबाजूचे पाणी तिच्यात शिरत होते. भरून आणलेले पाणी हुसेनने जिभेवर घेतले आणि थुंकून टाकले. खारट. 

"कातड्याची पिशवी व्हती ना त्येंच्याकडं?" चंपाबाई म्हणाल्या. "दबणारी? मंग ही घ्या." आणि त्यांनी गुडघा शेकायची रबरी पिशवी पुढे केली.

हुसेनने ती घेतली, हवा काढून चपटी केली आणि सदरा उतरवला. "मैं जाता हूँ," तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच चढत होतो. खाली गेल्यावर त्याने गवत बाजूला केले आणि आम्हा दोघांना ते दिसले. तळाशी दगडांचे एक कडे होते. कुणीतरी हाताने, फार पूर्वी रचलेले. त्याच्या मध्ये वाळूचे कण भात शिजताना उसळतात तसे उसळत होते. आजूबाजूचे पाणी कोमट होते. इथले मात्र गार लागत होते. हुसेनने एका दगडावर क्षणभर हात ठेवला. मग पिशवीचे तोंड त्या उसळत्या वाळूत खुपसले. पिशवी हळूहळू फुगली, जणू एखादा मासा श्वास घेत होता.

वर येऊन त्याने पिशवी चंपाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, प्याल्या आणि तोंड वाकडे केले.

"रबराचा वास मारतोय."

त्यांनी पुन्हा ओंजळ भरली.

"पन मीठ न्हाई. गोडं हाय! दसरथ, गोडं हाय रं!"

दशरथने होडीची कड सोडली आणि तोही प्यायला. अक्षता प्यायली. चंपाबाईंनी पिशवी हुसेनपुढे धरली. "तू पी की, दादा."

हुसेनने आजवर हे पाणी कधी चाखलेच नव्हते. तो घोट घोट प्याला. मग तोंड पुसले, डोळेही पुसले. "मेरा बाप सच बोलता था," तो म्हणाला आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसला.

काही वेळाने चंपाबाई नजीबभाईंना म्हणाल्या, "ह्याला इचारा, ह्या पाण्याचा मालक कोन?"

"मालक कशाला असेल, मावशी?"

"आमच्या लहानपनी गावच्या विहिरीला मालक व्हते. आमाला वर चढू देत नव्हते. खाली बसायचं अन् कुनी वरून वतलं तर वंजळ धरायची. आमच्या बाबासायबानं शिकिवलं, तवा कुटं आमी पाण्याला हात लावला. म्हनून इचारते."

नजीबभाईंनी हुसेनला हिंदीत सांगितले. हुसेन आ वासून ऐकत राहिला. मग म्हणाला, "समुंदर में किस का मालिक, अम्मा? जो नीचे देखे, उस का."

"मंग मलाबी बघू द्या."

दशरथ "नको नको" म्हणत होता, पण त्या शिडीवर जाऊन बसल्याही. पदर खोचला. अक्षताने माझा पट्टा त्यांच्या अंबाड्यावरून नेऊन नीट बसवला. एक हात दशरथने धरला, दुसरा पाण्यातून नजीबभाईंनी. आणि त्यांनी तोंड पाण्यात घातले.

त्यांच्या गालांच्या सुरकुत्यांतून थोडे पाणी आत येत होते, पण मी शक्य तेवढा घट्ट राहिलो. त्यांना दगडांचे कडे दिसले. उसळती वाळू दिसली. त्या थरथरत्या पाण्यातून एक चंदेरी मासा आरपार गेला. चंपाबाई पाण्यातच काहीतरी ओरडल्या. नाकातोंडात पाणी गेले, त्यांनी झटक्याने मान वर केली आणि माझा पट्टा कडीपाशी तुटला.

मी पाण्यात पडलो आणि गोल फिरत खाली जाऊ लागलो.

मित्रांनो, आजवर मी कुणाच्या तरी चेहऱ्यावर बसूनच पाणी पाहिले होते. आता मी एकटा होतो. झऱ्याशेजारी वाळूत उताणा पडलो. उसळणारे कण माझ्या काचेवर टपटपत होते. वर होडीचे काळे पोट दिसत होते आणि शिडीवर दोन सावळे पाय. पाणी उतरत होते. त्यांना निघायलाच हवे होते. आणि मीच खाली पडलो असताना मला शोधणार कोण, कशाने? त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. तरीसुद्धा, खोटे कशाला बोलू, तो झरा इतक्या जवळून पाहताना मी भीती मधूनमधून विसरत होतो.

तेवढ्यात वरून एक माणूस आला. हुसेन होता. नाक चिमटीत धरलेले, डोळे सताड उघडे. खारे पाणी झोंबून ते लाल झाले होते. त्याचे वडील असेच पाहत असणार. त्यांच्या काळी माझ्यासारखे कुणी नव्हते. हुसेनने चाचपडत दगड ओळखले, मग माझे रबर त्याच्या बोटांना लागले आणि आम्ही वर आलो.

परत येताना हुसेन न थांबता वडिलांच्या गोष्टी सांगत होता. दशरथने आईला समजावले, की हे पाणी फार जुन्या पावसाचे आहे. दूर अरबस्तानात पडलेला पाऊस खडकांतून, समुद्राच्या खालून वाट काढत इथे येतो. "मंग आमच्याकडचा पाऊस कुठं जातो?" चंपाबाईंनी विचारले.  "शोधतो," तो म्हणाला.

पुढे नजीबभाईंनी मला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बसवला आणि मी आणखी काही वर्षे काम केले. मग नजीबभाई नोकरी सोडून कायमचे कोकणात परतले. जाताना त्यांनी मला अक्षताला दिले. तिने काही दिवस मला कपाटात जपले. मग अभ्यास आला, परीक्षा आल्या आणि मी सनदच्या फ्लॅटच्या गॅलरीत गेलो. शेवटच्या फेरीनंतर मला कुणी धुतलेच नव्हते. खारे पाणी सुकून माझ्यावर मीठ साचले. तिथले ऊन तुम्हाला माहीत नाही. माझे रबर तडकले. माझ्याने पाणी अडेनासे झाले.

त्या झऱ्याच्या शुक्रवाराला दहा वर्षे होत आली होती, तेव्हा एके दिवशी मोठी झालेली अक्षता गॅलरीत आली. तिने मला उचलले, चेहऱ्याला लावून पाहिले आणि हळूच खाली ठेवले. "पप्पा, तो झरा अजून असेल का?" तिने विचारले. दशरथ म्हणाला, "गेल्याशिवाय कसं कळणार?" त्यांनी नवा मास्क आणला आणि शुक्रवारी हुसेनबरोबर गेले. मी गॅलरीतच राहिलो. दिवस सरता सरेना.

संध्याकाळी अक्षताने गावी फोन लावला. दार उघडे होते, मला ऐकू येत होते.

"आजी, आहे अजून. पण कमी झालाय. वाळू थोडीच हलते. हात धरला तरच कळतं."

तिकडून आजीने काहीतरी विचारले. "हो, प्यायले. गोड होतं," ती म्हणाली.

फोन ठेवून ती नवा मास्क धुवायला गॅलरीतल्या नळाशी आली. तो धुऊन झाल्यावर तिने मलाही उचलले, माझ्यावरचे मीठ बोटाने खरवडले आणि धारेखाली धरले. कितीतरी वर्षांनी गोडे पाणी माझ्या काचेवरून वाहत होते.

"पप्पा, हे नळाचं पाणी कुठून येतं?"

"काही समुद्राचं, मीठ काढून," दशरथ आतून म्हणाला. "आणि काही जमिनीतून. विहिरींतून उपसतात."

"जमिनीतलं म्हणजे कुठलं?"

दशरथ बाहेर आला. त्याने धारेखाली हात धरला. "तेच," तो म्हणाला. "जे तिकडे झऱ्याला येतं, तेच. इकडे उपसलं, की तिकडे कमी होतं."

अक्षताने नळ बंद केला. मी अर्धाच धुतला गेलो होतो. तिने माझा उरलेला भाग ओल्या फडक्याने पुसला आणि मला सावलीत ठेवले.

तर मित्रांनो, वस्तू वापरून झाली, की ती पुसून सावलीत ठेवा. एवढे मी माझ्यासाठी मागतो. आणि तुमच्या तांब्यातले पाणी कुठून येते, हे घरच्यांना एकदा विचारा. त्यांना सांगता आले नाही, तर शोधायला निघा. मला न्या, असे मी म्हणणार नाही. मी आता गळतो. पण ज्यांना फार दिवसांपासून ते पाहायचे आहे आणि पोहता येत नाही, अशा कुणाचा तरी हात धरून त्यांना बरोबर न्या.